कपांचे कान आणि विरघळलेला उस्ताद

"फिरला! फिरला!"

भट्टीवाला ओरडला आणि कारखान्यातली साठ माणसं एकदम पाऊलभर मागे सरली. मी पाऊलभर पुढे सरकलो. मला दिसतं कमी आणि बघायची हौस जास्त, त्याला इलाज नाही.

लांब टेबलावर सात कप उपडे मांडले होते. प्रत्येक कपाखाली एकेका कामगाराच्या नावाची चिठ्ठी. टेबलामागे महाराज. अंगात पांढरा लांब झगा, त्याला इस्त्री अशी की कडेला बोट लागलं तर कापावं. उजव्या चिमटीत दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला लिंबाएवढा काचेचा लोलक. सहा कपांवर तो लोलक मेल्यासारखा लटकत राहिला. सातव्या कपावर आला, थरथरला, डुलला आणि मग असा गरगर फिरायला लागला की बघणाऱ्यांच्या माना त्याच्याबरोबर फिरल्या.

महाराजांनी डोळे मिटले. "पृथ्वीला पोट आहे," ते म्हणाले. "त्या पोटात कळ येते. ती कळ या दोऱ्यातून वर चढते. मी कोण? मी नुसती खुंटी. खुंटी बोलत नसते."

एवढं सांगून खुंटी पंधरा मिनिटं बोलली. सूक्ष्म कंपनं, स्थूल कंपनं, मधली कंपनं. चांगल्या माणसाची कंपनं गोल असतात, वाईट माणसाची त्याहून गोल असतात. आणि मातीला सगळं आठवतं, फक्त तिला जीभ नाही, म्हणून तिनं हा लोलक निवडला. मुकादम प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. आमचा मुकादम म्हणजे सहा फुटांचा गडी, मिशा झाडूसारख्या, आवाज ढोलासारखा. त्यानंच महाराजांना बोलावलं होतं, त्यानंच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या आणि त्यानंच महाराजांच्या नाकासमोर मोठमोठ्यानं नावं वाचत त्या कपांखाली सारल्या होत्या.

सातवा कप त्यानं उचलला. चिठ्ठी उलगडली.

"कानवाली," तो म्हणाला.

गर्दी दुभंगली आणि मधे एकटी कानवाली मावशी उरली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आधी तळव्यांकडे, मग उलटे करून.

आता जरा मागचं सांगतो. आमच्या कारखान्यात चिनीमातीचे कप होतात. कपाचं अंग एका साच्यात होतं, कान दुसऱ्या साच्यात. कान म्हणजे कप धरायची ती कडी. दोन्ही अर्धवट ओले असताना पातळ माती लावून कान अंगाला चिकटवायचा, मग वाळवायचं, मग भट्टी. कान चिकटवण्याचं काम सव्वीस वर्षं ही मावशी करते. घरी कुणी नाही. कारखान्याच्या मागच्या खोलीत राहते. काम आहे तोवर खोली आहे. तिच्या हातून किती लाख कान गेले असतील देव जाणे, पण तुमच्या घरच्या कपाचा कान सरळ असेल तर तो तिनं लावलेला असायला हरकत नाही.

मी स्वतः साचे करत होतो. आता निवृत्त. तरी रोज दुपारच्या चहाला कारखान्यात जातो, फाटकाजवळच्या खोक्यावर बसतो आणि थापा मारतो. सगळे मला आबा म्हणतात, माझ्या पाठीमागे थापाडे आबा म्हणतात, आणि चहा मात्र समोरच देतात. एकदा मी भट्टीत झोपून गेलो आणि सकाळी चकाकी चढून बाहेर आलो, ही गोष्ट मी अकरा प्रकारे सांगितली आहे. माझा उस्ताद हात धुता धुता विरघळून गेला ती गोष्टही लोकांना आवडते. असो.

तर गेले पाच आठवडे कपांचे कान निखळत होते. भट्टी उघडली की कप एकीकडे, कान एकीकडे. शंभरातले साठ-सत्तर. मालकांचे केस गळायला लागले. मुकादमाची झोप उडाली. आणि अशा वेळी कुणीतरी लोलकवाल्या महाराजांचं नाव काढलं.

"बाईच्या हाताला दोष लागलाय," महाराजांनी निकाल दिला. "तिचा हात लागलेली माती अंग सोडते. पुढच्या भट्टीला तिचा हात लागता कामा नये. तिला जाऊ द्या, माती शांत होईल."

मालक म्हणाले, "या आठवड्याअखेर खोली रिकामी करा, मावशी."

मावशी म्हणाली, "बरं." बस्स, एवढंच. सव्वीस वर्षांचं उत्तर दोन अक्षरांत संपलं.

*

माझी सून याच कारखान्यात आहे. ती तपासणी करते. भट्टीतून आलेला प्रत्येक कप हातावर घेते आणि लाकडी काडीनं त्याला टिचकी देते. कप धड असला तर टिण्ण वाजतो, चीर असली तर खट्ट. दिवसभर हेच. त्या संध्याकाळी घरी आली तरी तिची काडी थांबेना. पेला वाजवला, ताटली वाजवली, खिडकीची काच वाजवली, जाता जाता माझा चष्माही वाजवला.

"मामंजी, बसा."

"बसलोच आहे की."

"तीनदा चप्पल घातलीत आणि तीनदा काढलीत. बसा."

खरं होतं. मावशीचं ते हात उलटसुलट करून बघणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. सुनेनं कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, पाठीमागची कोरी बाजू वर केली आणि अगदी वरती लिहिलं : 'कानवाली मावशीच्या हाताला दोष आहे.' त्याखाली लिहिलं : 'कशावरून?'

"सांगा," ती म्हणाली.

"लोलक तिच्या कपावर फिरला त्यावरून."

"लोलक खरं सांगतो हे कशावरून?"

"महाराज म्हणाले."

"महाराजांना कळतं हे कशावरून?"

"अगं, लोलक फिरतो ना त्यांचा!" असं म्हटलं आणि माझं मलाच हसू फुटलं. "आलो की गं जिथून निघालो तिथेच."

"घाण्याच्या बैलासारखं." तिनं त्या सगळ्या ओळींवर काट मारली. "हे गेलं. आता उरलं काय? महाराज, लोलक, कंपनं काढून टाकली की हातात काय उरतं?"

"कान निखळतात."

"हे मी डोळ्यांनी बघितलंय. हे राहू दे." तिनं लिहिलं. "कधीपासून? पाच आठवडे. माझ्या वहीत आहे, त्याआधी शंभरात दोन-तीन जायचे. कुठून निखळतात? दर वेळी सांध्यातून. कान मधोमध मोडलाय असा एकही कप नाही. हेही बघितलेलं. आता पुढचं बघा. 'कान मावशी चिकटवते, म्हणून दोष मावशीच्या हातात.' बरोबर वाटतंय?"

"वाटतंय खरं."

"या दोन वाक्यांच्या मधे एक वाक्य गाळलंय, मामंजी. आपण ते न बोलताच खरं धरलंय."

"कोणतं?"

"'कानाचं जे काही होतं ते मावशीच्या टेबलावरच होतं.' तिच्या हातात यायच्या आधी कानाचं काही होतच नाही. हे कुणी तपासलं?"

चाळीस वर्षं मी थापा मारत आलो, पण थाप कुठे उभी राहते ते मला तिनं त्या दिवशी दाखवलं. थाप बोललेल्या वाक्यात नसते. ती गाळलेल्या वाक्यात असते.

दुसऱ्या दिवशी ती मावशीच्या खोलीवर गेली, मीही मागोमाग गेलो. खोलीत एक पेटी, एक बोचकं. बोचकं बांधून झालं होतं.

"मावशी, कान चिकटवताना काही वेगळं वाटायचं?" सुनेनं विचारलं.

"कडक वाटायचे गं. मी मुकादमांना म्हटलं, कान जरा वाळके येतायत. ते म्हणाले, मावशी, हात म्हातारे झाले तुमचे, बोटांना ओल कळेनाशी झालीय." तिनं पुन्हा हात उलटे केले. "तसंच असेल बाई. लोलक काय उगाच फिरेल?"

सून उठून उभीच राहिली. "मावशी, ते बोचकं सोडा."

"कशाला? परत बांधायचं तर आहेच."

"मग सैल तरी करा."

*

सून मालकांना भेटली. महाराज थोतांड आहेत असं ती अजिबात म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "सव्वीस वर्षांच्या बाईला घालवायचं तर पक्कं करून घालवा. महाराजांना परत एकदा विचारू या. खरं असेल तर परत तेच येईल."

मालकांना पटलं. महाराजांनाही पटलं, कारण मालकांच्या पाहुण्यांच्या खोलीत गादी चांगली होती.

आता या ठिकाणी माझी कामगिरी. सुनेनं मला आयुष्यात पहिल्यांदा थाप मारायला सांगितलं.

"मुकादमाच्या कानात सांगा, कानवालीची चिठ्ठी तिसऱ्या कपाखाली ठेवणार आहे. कुणाला सांगू नका म्हणावं."

मी सांगितलं. मुकादमाच्या पोटात गुपित म्हणजे भट्टीत बर्फ. त्यानं दोन मिनिटंसुद्धा धीर धरला नाही, सरळ महाराजांची खोली गाठली.

पुन्हा साठ माणसं, पुन्हा लांब टेबल, पुन्हा सात कप. या वेळी चिठ्ठ्या सुनेनं ठेवल्या आणि महाराजांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "तुमच्या कंपनांना त्रास नको," असं ती अगदी अदबीनं म्हणाली. महाराज वळले. दोरा उचलला. पहिला कप : लोलक शांत. दुसरा कप : शांत. तिसऱ्या कपाजवळ महाराज आले आणि मुकादम तीनदा खाकरला. टीबी झाल्यासारखा खाकरला.

लोलक थरथरला. डुलला. फिरला. अहो, फिरला म्हणजे काय, पंख्यासारखा फिरला!

"फिरला! फिरला!" भट्टीवाला.

"पृथ्वीच्या पोटाची कळ..." महाराजांनी डोळे मिटून सुरुवात केली.

सुनेनं तिसरा कप उचलला आणि चिठ्ठी मालकांच्या हातात दिली. मालकांनी वाचलं : "कशावरून?"

"काय कशावरून?" मुकादम म्हणाला.

"चिठ्ठीत तेवढंच लिहिलंय."

तिनं भराभर बाकीचे सहा कप उचलले. प्रत्येक चिठ्ठीवर तेच. मग मूठ उघडली. सात नावांच्या सात चिठ्ठ्या तिच्या मुठीत चुरगळून बसल्या होत्या, कानवालीचीसुद्धा.

साठ माणसांच्या माना कपांवरून महाराजांकडे वळल्या.

पण महाराज काही कच्च्या मातीचे नव्हते. "बघा!" ते गरजले. "लोलकाला कपट कळलं! तो रागानं फिरला!" आणि तुम्हाला सांगतो, निम्म्या माना डोलल्या. खरंच डोलल्या. माणसाला एकदा डोलायची सवय लागली की डोलायला कारण लागत नाही.

"असेल," सून म्हणाली. "मुकादम, या इकडे. हा लोलक धरा."

"मी? माझ्यात कुठली शक्ती!"

"नसू दे. हात अजिबात हलवायचा नाही. फक्त मनात म्हणत राहा, फिर, फिर."

मुकादमानं दोरा धरला. श्वास रोखला. मिशीसुद्धा हलू दिली नाही. दहा मोजेपर्यंत काही नाही. मग लोलक थरथरला, डुलला आणि फिरायला लागला. मुकादमाचे डोळे लोलकाहून मोठे झाले.

"मी काही करत नाहीये! आईशप्पथ, मी काही करत नाहीये!"

"ठाऊक आहे. आता मनात म्हणा, पुढे-मागे."

लोलक गोल सोडून झोक्यासारखा पुढे-मागे हलायला लागला. मग सुनेनं त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला, त्याचा हात धरून त्याला दोन गिरक्या घ्यायला लावल्या आणि टेबलाजवळ कुठेतरी उभं केलं. "आता तिसरा कप आला की फिर म्हणा." लोलक बिचारा कुठेही डुलला. पाचव्यावर डुलला, मालकांच्या पोटावर डुलला, तिसऱ्यावर तेवढा गप्प राहिला. मुकादमाचे डोळे बांधल्यावर लोलकाचेही डोळे बांधले गेले होते.

"मनात जे असतं ते बोटं करतात," सून म्हणाली. "इतकं बारीक की ज्याची बोटं त्यालाही कळत नाही. लांब दोऱ्यानं ते मोठं होऊन दिसतं. महाराजांना नाव आधी ठाऊक होतं. ते मुकादमांनी सांगितलं. मुकादमांच्या मनात आधीच संशय होता. तुमचाच संशय दोऱ्याला बांधून तुम्हाला परत दिला आणि तुम्ही म्हणालात, पुरावा मिळाला."

महाराजांनी लोलक उचलून झग्याच्या खिशात घातला. "इथली कंपनं दूषित आहेत," असं म्हणून ते निघाले. फाटकातून जाताना झगा खिळ्याला अडकून टर्रकन फाटला. खिळ्याची कंपनं त्यांना आधी कळली नाहीत.

लोक हसले. मालक हसले नाहीत.

"लोलक गेला उडत," ते म्हणाले. "माझे कप फुटतात त्याचं काय? महाराज खोटा म्हणून बाई निर्दोष, असं थोडंच आहे?"

"बरोबर बोललात," सून म्हणाली. "तेही तपासायला हवं. चला."

*

ती चालायला लागली, पण उलटी. म्हणजे पाठ पुढे करून नव्हे. कप ज्या वाटेनं येतो त्याच्या उलट वाटेनं. हातात एक कान निखळलेला कप. मागे मालक, मुकादम, मावशी, साठ माणसं आणि सर्वांत मागे मी. आमचा कारखाना एवढा लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तपासणीच्या टेबलापाशी ती थांबली. "हा माझ्याकडे कुठून आला?"

"भट्टीतून," भट्टीवाला म्हणाला. "आणि माझ्या भट्टीचं नाव काढू नका. बशा त्याच भट्टीत भाजतात, एक तरी फुटली का?"

"नाही फुटली. मग भट्टी नाही. भट्टीत कुठून आला?"

"वाळवणीतून."

वाळवणीच्या फळ्यांवर कच्चे कप रांगेनं बसले होते. सुनेनं एक उचलला, उजेडात धरला. सांध्यावर केसाएवढी रेघ. "बघा, मालक. भट्टीच्या आधीच चीर पडलीय. वाळवणीत कुठून आला?"

"माझ्याकडून," मावशी म्हणाली. खूप हळू.

गर्दीत कुजबुज झाली. झालं, आली शेवटी तिच्याच टेबलावर. मावशीनं पदराला हात पुसले. मुकादमानं मिशीवर हात फिरवला. सून मात्र टेबलापाशी थांबली नाही.

"आणि तुमच्याकडे कान कुठून येतात?"

"साच्याच्या खोलीतून. ट्रेमधे."

टेबलावर नुकताच आलेला कानांचा ट्रे होता. सुनेनं त्याच्या बुडाला हात लावला. मग मालकांचा हात धरून तिथे लावला.

"गरम आहे," मालक म्हणाले.

"कान ओल्या कोपऱ्यातून यायला हवेत. गार आणि ओले. गरम कसे?"

ओला कोपरा म्हटल्याबरोबर माझ्या पायांना पुढे जावंसं वाटेना. पण गर्दी मागून पुढे निघाली होती आणि मी गर्दीत होतो.

साच्याची खोली. माझी खोली, चाळीस वर्षांची. नळाजवळचा कोपरा. भिंत तिथे बारा महिने ओलसर. त्या भिंतीला लागून कानांची मांडणी असायची. ती नव्हती. फरशीवर चार पायांचे चार डाग तेवढे होते.

"मांडणी कुठे गेली?"

सगळ्यांनीच बोट दाखवलं. मांडणी पलीकडच्या भिंतीला होती, आणि त्या भिंतीच्या पाठीला भट्टी होती. सुनेनं भिंतीला हात लावला आणि चटकन काढला.

"कान इथे वाळतात, अंग तिकडे ओलं राहतं. ओलं अंग नंतर आकसतं, वाळका कान आकसत नाही. दोघांची ओढाताण होते आणि सांधा सुटतो. मावशी म्हणत होत्या ना, कान कडक येतात? त्यांच्या बोटांना ओल कळत होती. तुम्हाला कळत नव्हती. मांडणी कुणी हलवली?"

मुकादमानं घसा खाकरला. एकदाच. "मी. सुट्टीच्या दिवशी."

"कधी?"

"झाले... पाच आठवडे."

"का?"

सहा फुटांचा गडी, मिशा झाडूसारख्या, खाली बघून म्हणाला, "त्या कोपऱ्यात... तो आहे."

"कोण?"

"उस्ताद. विरघळलेला. मी पाहिले ना त्याच्या बोटांचे ठसे! सकाळी मांडणीवर कानांवर ठसे होते!"

"ओल्या मातीवर ठसे? रोज चौदा माणसं ते कान हातात घेतात, मुकादम. पण तिथे उस्ताद आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भट्टीवाल्यानं."

"मला मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं," भट्टीवाला म्हणाला.

"मी पॅकिंगच्या बाईकडून ऐकलं."

"मी आपली चहाच्या वेळी..." पॅकिंगची बाई बोलता बोलता थांबली आणि वळून माझ्याकडे बघितलं. मग सगळे वळले. सहा आठवड्यांपूर्वी खोक्यावर बसून, तीन साखरेच्या चहाच्या जोरावर मी सांगितलं होतं की माझा उस्ताद मातीचाच होता, एके दिवशी नळाखाली हात धुवायला बसला, आधी बोटं विरघळली, मग मनगट, मग बाकीचा. आणि अजून त्या कोपऱ्यात काही ठेवलं तर सकाळी त्यावर त्याच्या बोटांचे ठसे मिळतात. लोक पोट धरून हसले होते. मला वाटलं, हसले म्हणजे कळलं.

मी इकडेतिकडे बघितलं. पळून जायला दार होतं. थाप मारायला तोंड होतं. त्या क्षणीसुद्धा, खोटं का बोलू, एक सुरेख थाप तयार झाली होती. उस्तादाला भाऊ होता, तो...

मावशी माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. तेच अवघड होतं.

"माझा उस्ताद," मी म्हणालो, "म्हातारा होऊन मुलाकडे राहायला गेला आणि तिथे सर्दीनं गेला. तो कधीच विरघळला नाही. ती थाप होती. माझी."

"म्हणजे?" मुकादम ओरडला. "पाच आठवडे मी त्या नळावर पाणी प्यायलो नाही!"

*

मालकांना लगेच सगळं मान्य होतं. सुनेनंच अडवलं. "आत्ता मी सांगितलंय तेही नुसतं म्हणणंच आहे. भट्टी लावून बघू." चाळीस कान ओल्या कोपऱ्यात ठेवले, चाळीस गरम भिंतीला. कोणते कुठले हे मावशीला सांगितलं नाही. प्रत्येक कानाच्या आतल्या बाजूला बारीक खूण केली. मावशीनं ऐंशीच्या ऐंशी चिकटवले, त्याच हातांनी.

"ओल्या कोपऱ्यातलेही फुटले तर मात्र मी कुणाचं ऐकणार नाही," मालक म्हणाले.

"फुटले तर मीच बोचकं बांधायला मदत करीन," सून म्हणाली, पण त्या आठवड्यात तिनं काडीचं टोक चावून चावून बोथट केलं. मी चप्पल किती वेळा घातली ते मोजलं नाही.

भट्टी उघडली त्या सकाळी सगळा कारखाना दाराशी. सून एकेक कप उचलत होती. टिण्ण. टिण्ण. खट्ट. खूण बघून दोन बाजूंना ठेवत होती. मावशी खोलीच्या उंबऱ्यावर बसून नुसता आवाज ऐकत होती. गरम भिंतीचे चाळीसपैकी एकोणतीस फुटले. ओल्या कोपऱ्याचे दोन.

"दोन का फुटले?" मुकादमानं विचारलं. आता त्यालाही सवय लागली होती.

"माहीत नाही," सून म्हणाली. "शोधते."

मालक मावशीपाशी गेले आणि बराच वेळ काहीतरी बोलले. मला ऐकू आलं ते मावशीचं उत्तर. "बरं," ती म्हणाली. पण हे 'बरं' वेगळं होतं, आणि त्यानंतर तिनं बोचकं सोडलं. पूर्ण सोडलं.

आता तुम्हाला काय सांगू? शेजारच्याला दोषी ठरवायला बसाल तेव्हा एकच करा : जे म्हणताय ते कशावरून, ते विचारा, आणि त्याच्याखालचं कशावरून, आणि त्याच्याही खालचं, जोवर हात लावता येईल अशी एखादी वस्तू सापडत नाही. माझ्याकडे त्या वस्तूचं नाव गरम ट्रे. तुमच्याकडे आणखी काही असेल. आणि मी सांगतो म्हणून तर मुळीच मानू नका. माझी ख्याती तुम्ही ऐकलीच. एक दोरा घ्या, अंगठी बांधा, हात स्थिर धरा, मनात 'फिर' म्हणा. मग डोळे बांधून परत करा. अर्ध्या तासात तुम्हीही महाराज व्हाल, आणि लगेच महाराज राहणार नाही.

मी अजून दुपारच्या चहाला जातो, अजून थापा मारतो, मात्र आधी 'ही थाप आहे' म्हणावं लागतं, तरी कुणीतरी मागून ओरडतंच, "कशावरून, आबा?" चहा देण्याचं काम मावशीनं स्वतःकडे घेतलं आहे. सगळ्यांना कानाचे कप. मला त्या एकोणतिसांतला एक, बिनकानाचा, भरून.

बोटं भाजतात. पण का भाजतात ते मला पक्कं ठाऊक आहे.